वादळाची वाट पाहणारे

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून काळ मोजण्याच्या दोन खुणा असत. एक पोलीस ॲक्शनची, म्हणजे १९४८ ची. दुसरी तिच्याही चाळीस वर्षे आधीची, मुसीच्या महापुराची. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे वय काढायचे झाले की ते 'तुग्यानी'च्या आधी जन्मले की नंतर, हा प्रश्न विचारला जाई. तुग्यानी म्हणजे पाण्याने मर्यादा ओलांडणे. अरबी-फारसी वळणाचा हा शब्द आपल्या मराठीतही असा मुरला की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नसे.

पूर सर्वांच्या स्मरणात राहिला. त्या पुराचे मूळ मात्र फारसे कोणाच्या बोलण्यात येत नाही. ते मुसीच्या उगमाशी, अनंतगिरीच्या टेकड्यांत नव्हते. ते होते पूर्वेकडे, बंगालच्या उपसागरात. हैदराबाद हे समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आणि समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर असलेले शहर. येथील माणसाने समुद्राची भीती बाळगावी असे वरकरणी काही कारण दिसत नाही. तरीही या शहरावर कोसळलेली पावसाची मोठी संकटे पाहिली, तर त्यांतील काहींची पावले आंध्रच्या किनाऱ्यावर उमटलेली सापडतात. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचे बंदर मछलीपट्टण. त्या बंदरातून माल जसा पठारावर चढत असे, तशी वादळेही चढतात.

या वादळांच्या वाटेवर डोळे लावून बसणारी माणसे गेली दोनशे वर्षे निरनिराळ्या ठिकाणी होऊन गेली. त्यांतील पुष्कळजण धंद्याने हवामानशास्त्रज्ञ नव्हते. त्यांना हौशीच म्हणावे लागेल. त्यांची कथा आणि आपल्या शहराची कथा यांचा सांधा कोठे जुळतो, हे पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

खोगीरवाला, सैनिक आणि कप्तान

वादळ हे एका दिशेने धावत येणारे वारे नसून स्वतःभोवती फिरत पुढे सरकणारे चक्र आहे, ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दोन शतकांपूर्वी ती विद्वानांनाही ठाऊक नव्हती. सप्टेंबर १८२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने एक प्रचंड वादळ उत्तरेकडे चढत गेले. त्यानंतर काही दिवसांनी विल्यम रेडफील्ड नावाचा एक गृहस्थ कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्स या भागांतून प्रवास करीत होता. तरुणपणी खोगिरे बनविण्याचे काम शिकलेला हा माणूस. वाटेत उन्मळून पडलेली झाडे पाहता पाहता त्याच्या लक्षात आले की एका भागात झाडांचे शेंडे वायव्येकडे आहेत, तर काही कोस पुढे गेल्यावर तेच शेंडे नेमके उलट, आग्नेयेकडे आहेत. एकाच वादळाने झाडे दोन विरुद्ध दिशांना पाडली असतील, तर ते वादळ गोल फिरत गेले असले पाहिजे. हा विचार त्याने दहा वर्षे मनाशी घोळविला, इतर वादळांची टिपणे जमविली आणि १८३१ मध्ये तो छापून प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेट एका वादळाने उद्ध्वस्त झाले. तेथील पुनर्बांधणीसाठी आलेला विल्यम रीड हा लष्करी इंजिनियर याच प्रश्नाने झपाटला. जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून त्याने १८३८ मध्ये वादळांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. तो कलकत्त्यास पोहोचला आणि हेन्री पिडिंग्टन या माणसाच्या हाती पडला.

पिडिंग्टन हा मूळचा दर्यावर्दी. पुढे तो कलकत्त्यास स्थायिक झाला आणि आर्थिक भूगर्भशास्त्राच्या संग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून काम करू लागला. वादळांचा अभ्यास हे त्याच्या नोकरीचे काम नव्हते. तरीही बंगालच्या उपसागरातील एकेका वादळाचा मागोवा घेऊन त्याने एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंधांची मालिकाच लिहिली. त्याची रीत साधी आणि चिकाटीची होती. वादळात सापडून सुखरूप परतलेल्या जहाजांच्या कप्तानांकडून तो नोंदवह्या मागवी. कोणत्या घटकेला वारा कोणत्या दिशेचा होता, वायुभारमापकाचा पारा कोठवर उतरला, हे नकाशावर मांडी. आणि त्या विखुरलेल्या टिंबांतून वादळाच्या केंद्राची वाट काढी. नोव्हेंबर १८३९ मध्ये गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा बंदर समुद्राने बुडविले, त्या वादळाचाही अभ्यास त्याने केला. त्याच बंदराने १७८९ मध्येही असाच घाला सोसला होता.

१८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात पिडिंग्टनने या वादळांना एक नवे नाव दिले. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ मनात ठेवून ग्रीक भाषेतून घडविलेला तो शब्द म्हणजे 'सायक्लोन'. आज जगभर चालणारा हा शब्द कलकत्त्यात जन्मला. आपले 'चक्रीवादळ'ही त्याच कल्पनेवर बेतलेले आहे. पुस्तकासोबत तो शिंगाचे पातळ, पारदर्शक पत्ते देत असे. त्यांवर वाऱ्याची वर्तुळे कोरलेली असत. पत्ता समुद्राच्या नकाशावर ठेवायचा, आपल्या जहाजावरील वाऱ्याची दिशा त्याच्याशी जुळवायची, की वादळाचे केंद्र कोठे आहे ते खलाशाला कळे.

पिडिंग्टनच्या आयुष्यातील एक प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो. कलकत्त्याला पर्याय म्हणून मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचे सरकारने मनावर घेतले, तेव्हा १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल डलहौसी यांस पत्र लिहिले. त्या जागी एक दिवस वादळाबरोबर समुद्राची लाट येईल आणि सर्व वस्ती पाण्याखाली जाईल, असा स्पष्ट इशारा त्यात होता. बंदर बांधले गेले. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. १८६७ च्या नोव्हेंबरात वादळ आले, लाट आली आणि ते पोर्ट कॅनिंग उजाड झाले.

वादळाची वाट ओळखणे हे एक काम. ती वाटेवरच्या माणसाला कळविणे आणि त्याने ऐकावे अशी व्यवस्था उभी करणे हे दुसरे. पहिले काम एका चिकाटीच्या माणसाला एकट्याने साधते. दुसऱ्यासाठी समाज आणि राज्यसंस्था दोन्ही जाग्या असाव्या लागतात. पुढचा सारा इतिहास या दोन कामांमधील अंतराचा आहे.

कुलाब्याची नोंदवही आणि सरकारी खाते

हवेच्या नोंदी ठेवण्याच्या या कामात मराठी माणूस फार लवकर सामील झाला होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा कारभार काही काळ बाळशास्त्री जांभेकरांनी पाहिला. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, तरुण वयात १८४० च्या सुमारास तेथे साहाय्यक म्हणून रुजू झाले. ठराविक वेळी उठून तापमान, वायुभार आणि चुंबकसुईची हालचाल लिहून ठेवायची, हे त्यांचे काम. 'दर्पण'कार आणि गणिती म्हणून या दोघांना आपण ओळखतो. रात्री-अपरात्री दिव्याच्या उजेडात पारा वाचणारी ही मंडळी आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात फारशी दिसत नाहीत.

सरकारला या नोंदींचे मोल कळण्यास दोन आपत्ती घडाव्या लागल्या. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर वादळ आदळले आणि हुगळीतील जहाजांचा चुराडा झाला. चार आठवडेही उलटले नाहीत तोच, १ नोव्हेंबरला, मछलीपट्टणात समुद्र शिरला. गोवळकोंड्याच्या काळापासून नांदते असलेले ते बंदर त्या रात्री जे खचले, ते पुन्हा पूर्वीच्या वैभवाला पोहोचले नाही. त्यानंतर बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. पुढे जॉन इलियट यांनी उपसागरातील वादळांवर खलाशांसाठी हस्तपुस्तिका तयार केली. १८९८ पर्यंत साऱ्या हिंदी बंदरांसाठी एकसारख्या निशाण्या ठरल्या होत्या. दिवसा डोलकाठीवर बांबूचे शंकू आणि पिंप चढवायचे, रात्री दिवे.

पुढे १९२८ मध्ये या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील 'सिमला ऑफिस' चौकाचे नाव अनेकांना कोड्यात टाकते. ते नाव या स्थलांतराची खूण आहे.

हैदराबादेतही एक हौशी माणूस आकाशाकडे पाहू लागला होता. नवाब जफरजंग यांनी १९०१ मध्ये फिसलबंड्याजवळ स्वतःच्या हौसेने वेधशाळा उभारली आणि तिला निजामाचे नाव दिले. पुढे ही निजामिया वेधशाळा सरकारकडे आली, बेगमपेठेत हलली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाशी जोडली गेली. तेथील मुख्य काम ताऱ्यांच्या नकाशांचे होते. ती सरकारकडे आली ते वर्ष १९०८ चे. त्याच वर्षी आकाशाने शहराला वेगळ्या रीतीने आपली ओळख करून दिली.

२८ सप्टेंबर १९०८

सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस उपसागरावरून आलेली एक वादळी प्रणाली पठारावर चढली. किनाऱ्यावरून आत शिरलेल्या वादळाचा वारा मंदावतो, कारण त्याला बळ देणारी समुद्राची उबदार वाफ तुटते. पण आत ओढून आणलेले बाष्प ते बरोबर घेऊन येते, आणि चाल मंदावली की एकाच प्रदेशावर ते ओतत राहते. मुसीच्या पाणलोटात तेच घडले. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला.

मुसीच्या पाणलोटात त्या वेळी ७८८ तलाव होते. कुतुबशाहीपासून आणि त्याच्याही आधीपासून बांधले गेलेले हे तलाव म्हणजे या कोरड्या पठाराची शिदोरी. त्यांपैकी २२१ तलाव फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर येई, तोही फुटे, आणि अशी माळच्या माळ तुटत नदीत उतरली. पुराचा प्रवाह सेकंदाला सव्वाचार लक्ष घनफुटांपर्यंत गेला असा हिशेब नंतर निघाला. २८ सप्टेंबर, सोमवार. अफजलगंजाचा, मुसल्लमजंगाचा आणि चादरघाटचा, हे तीन पूल गेले. १५७८ चा पुराना पूल तेवढा उभा राहिला. अफजलगंज आणि कोलसावाडी या भागांतील वस्ती वाहून गेली. बळींची संख्या दहा ते पंधरा हजारांच्या घरात सांगितली जाते. अफजलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील चिंचेच्या झाडाने दीडशेच्या सुमारास माणसांना आपल्या फांद्यांवर तगविले. ते झाड पुढे उस्मानिया इस्पितळाच्या आवारात जपले गेले. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि लेक त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. घरात ते एकटे उरले.

त्या दिवसाचा विचार करताना एक गोष्ट मनाला टोचत राहते. इलियट यांची पुस्तिका तेव्हा छापलेली होती. तारायंत्र होते, रेल्वे होती, बंदरांवर निशाण्या चढत होत्या. उपसागरातील वादळाची चाल ओळखण्याचे ज्ञान उपलब्ध होते. पण ती सारी व्यवस्था जहाजांसाठी होती. किनारा ओलांडल्यावर वादळ संपले, असेच जणू गृहीत धरलेले होते. पठारावरील नदीकाठी झोपलेल्या माणसाचा तिच्यात विचार नव्हता.

पुरानंतर सहाव्या निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत खडकवासल्यावर स्वयंचलित दरवाजे बसविलेले विश्वेश्वरय्या १९०९ मध्ये येथे आले. वर आम्ही दिलेले पावसाचे आणि तलावांचे आकडे त्यांच्याच तपासणीतून आले. शहराच्या वरच्या अंगाला पूर साठवून ठेवणारे जलाशय बांधावेत, ही त्यांची शिफारस. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. आपल्या आज्या-पणज्या ज्या गंडीपेठेच्या पाण्याच्या गोडीचे कौतुक करीत, ते पाणी अशा रीतीने वादळाच्या पोटातून आले होते.

दिवीसीमा

दगड-मातीची तटबंदी झाली. कळविण्याचे काम मात्र मागेच राहिले, आणि त्याची किंमत एकोणसत्तर वर्षांनी किनाऱ्यावरच्या लोकांनी मोजली.

नोव्हेंबर १९७७ मध्ये उपसागरात एकामागून एक दोन वादळे उठली. पहिले १२ तारखेला नागपट्टणजवळ किनाऱ्याला लागले. तो त्या वेळच्या तंजावर जिल्ह्याचा भाग. व्यंकोजीराजांच्या काळापासून तेथे असलेल्या मराठी घराण्यांच्या भूमीलाच ते भिडले. दुसरे वादळ प्रथम पश्चिमेकडे सरकत होते. मग त्याने उत्तरेकडे वळण घेतले, आंध्रकडे चढत आले आणि १९ नोव्हेंबरला चिराल्याजवळ जमिनीवर आदळले.

येथे वादळाच्या रचनेचा थोडा विचार करणे भाग आहे, कारण दिवीसीमेचा घात त्या रचनेने केला. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ ज्या दिशेला चालले आहे तिकडे तोंड करून उभे राहिलो, तर उजव्या हाताकडील अंगात फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते. आंध्रच्या किनाऱ्यावर ती उजवी बाजू समुद्राचे पाणी जमिनीकडे ढकलते. चिराल्याच्या उजवीकडे, म्हणजे ईशान्येला, कृष्णेचे मुख आहे. तेथील समुद्र उथळ आणि जमीन सपाट. नदीच्या दोन फाट्यांमध्ये दिवीसीमा वसलेली. वादळाचे केंद्र चिराल्याजवळ, आणि मरण आले अवनीगड्डा, नागायलंका, हंसलादीवी या गावांत. सुमारे पाच मीटर उंचीची लाट कित्येक किलोमीटर आत शिरली. अधिकृत गणनेने दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. खरा आकडा त्याहून मोठा असल्याचे मानणारे पुष्कळ आहेत.

नकाशावर केंद्राचे टिंब पाहून 'ते चिराल्याला लागणार आहे, आपल्याला नाही' असे समजणारा माणूस किती मोठी चूक करतो, हे या घटनेने शिकविले. वादळाच्या वाटेला रुंदी असते, आणि तिच्या दोन्ही कडा सारख्या नसतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याला आपण कोणत्या अंगाला आहोत हे ओळखण्याची एक जुनी खूण पिडिंग्टनच्या काळापासून खलाशांना ठाऊक होती. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की वादळाचे केंद्र साधारणपणे डाव्या हाताला असते. आणि वाऱ्याची दिशा तासागणिक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सरकू लागली, तर आपण वादळाच्या उजव्या, म्हणजे घातक, अंगाला आहोत असे समजावे. ही खूण ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

१९७७ नंतर मात्र राज्य हलले. किनाऱ्यावर निवाऱ्यासाठी पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये इन्सॅट-१ब उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच दशकात त्याच्या आधारे किनाऱ्यावरील ठाण्यांपर्यंत थेट इशारा पोहोचविणारी यंत्रणा सुरू झाली. ९ मे १९९० रोजी जवळजवळ तेवढ्याच ताकदीचे वादळ पुन्हा कृष्णेच्या मुखाशी आले. या वेळी लाखांवर माणसे आधीच हलविली गेली होती. मृत्यू झाले ९६७. तेही थोडे नव्हेत. परंतु बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी तो आकडा ठेवला म्हणजे वेळेवर पोहोचलेल्या निरोपाचे मोल कळते. वादळ तेच, किनारा तोच. मधले अंतर तेवढे कमी झाले होते.

ओडिशाने हाच धडा अधिक मोठ्या किमतीला घेतला. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे दहा हजारांच्या आसपास बळी गेले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरला लागलेल्या 'फायलीन'मध्ये मृतांची संख्या पन्नासच्याही खाली राहिली.

किनाऱ्याने चालणारे वादळ

काही वादळे सरळ येऊन किनाऱ्यावर आदळतात. काही किनाऱ्याला समांतर, जणू त्याचे बोट धरून, वर चढत जातात. मागोवा घेणाऱ्याची खरी कसोटी हीच वादळे पाहतात. समोरून येणाऱ्या वादळाची दिशा चार अंशांनी चुकली, तर आघाताची जागा थोडी सरकते. समांतर चालणाऱ्या वादळाची दिशा तेवढीच चुकली, तर आघाताचे ठिकाण शेकडो किलोमीटरांनी बदलते. शिवाय असे वादळ जमिनीला लागण्यापूर्वीच वाटेवरच्या प्रत्येक शहराला भिजवून जाते.

डिसेंबर २०२३ मधील 'मिचाँग' हे याचे ताजे उदाहरण. म्यानमारने सुचविलेले हे नाव. बंगालच्या उपसागराच्या नैऋत्य भागातून ते तामिळनाडूच्या उत्तर किनाऱ्याजवळ आले, आणि तेथून आंध्रच्या दक्षिण किनाऱ्याला खेटून जवळजवळ उत्तरेकडे चालत राहिले. ३ आणि ४ डिसेंबरला चेन्नई पाण्यात बुडाली. वादळाने तोवर जमिनीला पायही लावला नव्हता. ५ डिसेंबरच्या दुपारी ते बापटल्याजवळ किनाऱ्यावर आले. त्याचा उरलेला पाऊस खम्मम आणि भद्राद्री कोत्तगुडेमपर्यंत पोहोचला.

त्या चार दिवसांत चेन्नईपासून विशाखापट्टणपर्यंत आणि आपल्या हैदराबादेतही हवामानाचे हौशी अभ्यासक रात्रंदिवस जागे होते. यांत विद्यार्थी होते, नोकरदार होते, निवृत्त मंडळी होती. कोणी उपग्रहाची चित्रे पाहत होता, कोणी रडारवरील पावसाचे पट्टे, तर कोणी केवळ गच्चीवरच्या पर्जन्यमापकातील पाणी मोजत होता. हवामान खात्याचा तांत्रिक अहवाल सामान्य माणसाच्या तेलुगूत, तमिळमध्ये उलगडून सांगण्याचे काम ही मंडळी आपखुशीने करतात. अधिकृत इशारा देण्याचा अधिकार खात्याचाच, आणि तो तसाच असला पाहिजे. घाईने केलेले भाकीत माणसे घाबरवते, आणि दोनदा खोटे ठरले की तिसऱ्यांदा खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी लक्ष देत नाही. जबाबदार हौशी अभ्यासक हे जाणतो. केंद्राच्या टिंबापलीकडची रुंदी तो समजावून सांगतो आणि 'तुमच्या गल्लीत याचा अर्थ काय' या प्रश्नाचे उत्तर देतो. पिडिंग्टनने कप्तानांसाठी शिंगाचा पत्ता केला, तो याच कामासाठी.

यंत्रेही वादळापुढे टिकतातच असे नाही. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी 'हुदहुद' विशाखापट्टणावर आले, तेव्हा तेथील डॉप्लर रडारच निकामी झाले. त्या घटकांत माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी घेतलेल्या नोंदींना पुन्हा किंमत आली.

वाट आपल्या दारातून

१३ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी काकीनाड्याजवळ एक खोल कमी दाबाची प्रणाली किनारा ओलांडून आत आली. तिचा वारा चक्रीवादळाच्या पदवीलाही पोहोचला नव्हता. तिला नावही मिळाले नाही. त्या दिवशी आणि रात्री हैदराबादेत जो पाऊस झाला, तो वृद्धांनीही पाहिला नव्हता. बेगमपेठेत चोवीस तासांत १९ सेंटिमीटर, घटकेसरच्या बाजूस ३२ सेंटिमीटर. हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले. जुन्या शहराच्या दक्षिणेचा पल्लेचेरुवू फुटला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. तेलंगणात पन्नासच्या आसपास माणसे गेली. १९०८ मधील फुटलेल्या तलावांची माळ ज्यांनी वाचली होती, त्यांना हे दृश्य अनोळखी नव्हते. फरक एवढाच की बरेचसे तलाव मधल्या शंभर वर्षांत बुजवून त्यांवर घरे उठली होती. पाणी आपली जुनी जागा शोधत त्या घरांत आले.

प्रणाली येथे थांबली नाही. ती पश्चिमेकडे सरकत सोलापूर जिल्ह्यात गेली. १४ ऑक्टोबरला पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटाची भिंत कोसळून भाविकांच्या वाटेवरच माणसे दगावली. भीमेला पूर आला. मग ती अरबी समुद्रात उतरली आणि तेथे तिला पुन्हा बळ आले. सोलापूर, बार्शी, गुलबर्गा, बिदर या वाटेने आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज हैदराबादेस आले. त्याच वाटेने उलट पावली चालत ते पाणी पंढरीस गेले. काकीनाड्याच्या किनाऱ्यावर सकाळी काय घडते, याच्याशी पंढरपूरच्या घाटावर बसलेल्या माणसाचा संबंध असतो, हे याहून स्पष्ट कसे सांगता येईल?

हा संबंध जाणणाऱ्या संस्था आज आपल्याच शहरात आहेत. समुद्र नसलेल्या या शहरात १९९९ पासून भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र काम करते. वादळाबरोबर येणाऱ्या लाटेचा अंदाज तेथून साऱ्या किनाऱ्याला जातो. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रही येथलेच. दिवीसीमेच्या कोळ्याला मिळणारा निरोप आता हैदराबादेतून निघतो. १९०८ च्या शहराला ही गोष्ट दंतकथा वाटली असती. आणि तरीही सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस दोन्ही जलाशयांतून पाणी सोडावे लागले, तेव्हा मुसी गौलीगुड्याच्या महात्मा गांधी बस स्थानकात शिरली आणि प्रवासी रात्री पाण्यात अडकले. समुद्राकाठच्या गावाला तीनशे किलोमीटरांवरून निरोप पोहोचतो. नदीकाठच्या स्थानकातील प्रवाशापर्यंत तो पोहोचणे अजूनही कठीण जाते. पिडिंग्टनच्या पत्राच्या वेळी जे अंतर होते ते घटले आहे, मिटलेले नाही.

आपल्या भाषेत 'वाट पाहणे' याचे दोन अर्थ होतात. येणाऱ्याची प्रतीक्षा करणे हा एक. तो कोणत्या वाटेने येतो आहे हे निरखणे हा दुसरा. वादळाच्या बाबतीत पहिला अर्थ घातक आहे आणि दुसरा तारक.

हे निरखण्याचे काम यंत्रांवर सोपवून आपण मोकळे झालो, असे कोणी मानू नये. पिडिंग्टनची वादळे जहाजांच्या नोंदवह्यांतून बाहेर आली. त्या वह्या लिहिणाऱ्या कप्तानांना आपण शास्त्राची सेवा करीत आहोत हे ठाऊकही नव्हते. आपल्या जुन्या घरांतून रोजनिशा आहेत, जमाखर्चाच्या चोपड्या आहेत, सगेसोयऱ्यांची पत्रे आहेत. कोणत्या तिथीला पाऊस लागला, अंगणात पाणी कोठवर चढले, कोणत्या विहिरीचे पाणी गढूळ झाले, वारा कोणीकडून सुटला होता, अशी एखादी ओळ खर्चाच्या आकड्यांच्या मधोमध सापडते. सुलतान बाजार, काचीगुडा, शालीबंडा येथील वाडे पडून त्यांच्या जागी इमारती येत आहेत, आणि माळ्यावरच्या वह्या रद्दीच्या भावाने जात आहेत. आमची वाचकांस विनंती आहे की ती वही रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उलगडावी. १९०८ चे, किंवा कोणत्याही मोठ्या पावसाचे, पान असल्यास त्याची प्रत काढून आपल्या शहरातील एखाद्या ग्रंथालयात ठेवावी. मुसीच्या पाणलोटात त्या रात्री पर्जन्यमापके मोजकीच होती, आणि पाण्याखाली गेलेली घरे हजारो. त्या घरांनी काय पाहिले ते सांगणारे कागद जितके उरतील, तितके पुढच्या पिढीच्या हवामान-अभ्यासकाला पाण्याची वाट अधिक नेमकी आखता येईल, आणि कोणत्या घराला आधी उठवायचे तेही कळेल.